जालमसिंगाचा कोणता वग?

मु. म्हसावद, ता. ९ फेब्रुवारी १९३६

तीर्थरूप गिरधरदादांस,

धाकट्या दोधूचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. आपला तमाशाचा फड काल शेजारच्या गावाहून इथे आला. तिथल्या सुपारीत मोठा घोळ झाला. पाटलांनी शहाद्याला आपला जो वग पाहिला, त्यात जालमसिंग हरवलेलं मूल आईच्या ओटीत आणून घालतो. तोच त्यांना हवा होता. तुम्ही नेहमीप्रमाणे ‘जालमसिंगाचा वग’ एवढंच कळवलंत. मी लोकांना रडवणारा धरला, मूल दगावतं तो. त्यांच्या घरात नवसाच्या मुलाचं बारसं आहे, हे खेळ रंगल्यावर कळलं. माझी कारभारीण धनू मेलेलं मूल मांडीवर घेऊन विलाप करू लागली, तशा बायका उठून गेल्या.

आता त्या बाळाला ताप आहे. गाव म्हणतं, “त्या बाईनी नजर लागनी. डाकीण शे ती.”

दादा, तुम्ही स्वतः या. पाटलांना सांगा, चूक आपली आहे, सगळ्या वगांना आपण एकच नाव सांगतो. पुढे तरी वेगवेगळी नावं द्या. आपला ढोलकीवाला मेहबूब म्हणतो, पाची पोरांना एकाच नावानं हाक मारली तर जेवायला कोण येईल? एरवी हसलो असतो.

तुमच्या वाटेकडे डोळे लावून,
दोधू

शहादा, ता. १२ फेब्रुवारी

चिरंजीव दोधूस,

अनेक आशीर्वाद. शेळी शिंकली तरी घरात पळणारा तू, अजून तसाच आहेस. आपल्या आबांनी जालमसिंग उभा केला, त्या एका नावावर तळोद्यापासून नंदुरबारापर्यंत माणूस येऊन बसतो. नावं वेगळी केली की हा पाहिला, तो नको, असं सुरू होईल. आणि मी पाटलांपुढे चूक कबूल केली, तर आबांचं काय राहिलं? ताप आहे, उतरेल. धनूला थोडे दिवस पुढे आणू नकोस. तुझ्या वहिनीनं तिच्यासाठी पापड धाडले आहेत.

जेवणाची आबाळ करू नये. आहे ती माया आहेच.
गिरधर

मु. तळोदा, ता. २४ मार्च

तीर्थरूप दादांस,

दोधूचा नमस्कार. अखेर तुम्ही आलात, पाटलांच्या ओट्यावर चूक बोललात, त्यांनी ऐकूनही घेतलं. बाळ बरं आहे. पण तुम्ही येईपर्यंत डाकिणीचं बोलणं बाजारांमधून पुढे गेलं होतं.

तुम्ही ठरवल्याप्रमाणे आता दवंडीत ‘ओटी भरली’ आणि ‘रिता पाळणा’ अशी नावं सांगतो. लोक ती नीट ऐकतात. मग विचारतात, “ती बाई कोणता वगमा शे?” ज्यात धनू नसेल, तोच मागतात, आणि ती तर दोन्हींत आहे. काल इथल्या बाजारात एकीनं तिला पाहून लेकराचं तोंड पदरानं झाकलं. बिऱ्हाडी आल्यावर धनूनं आपले चाळ काढून मेहबूबच्या पुढ्यात ठेवले आणि सांगितलं, दोन्हींत दुसरी बाई घ्या.

वहिनींना नमस्कार. आम्हा दोघांना आपलं म्हणत राहा.
दोधू