कमानीखाली दोन डोकी

ता. ४ मार्च

चि. धाकट्यास दादाचे अनेक आशीर्वाद.

जुन्या दरवाजाच्या फोटोची काच काल धुतली. दगडन्‌दगड उठून आलाय. इमारत केवढी ते कळावं म्हणून कमानीखाली तुला उभा केला, तर तू दोन डोक्यांचा निघालास. एकावर एक. चार मिनिटं हलायचं नाही, असं तीनदा बजावलं होतं. दरवाजाची दुरुस्ती काढणारे साहेब विचारतात, माप कुठल्या डोक्यापासून धरायचं. खरं काय ते कळव. तुझी वहिनी कालपासून हसतेय.

दोन्ही डोक्यांवर सारखीच माया असलेला,
दादा

ता. ७ मार्च

ती. स्व. दादास सा. न. वि. वि.

चवड्यांवर उभा होतो. दोन मिनिटांनी पोटऱ्यांनी दगा दिला. वहिनीला वाचून दाखवू नकोस, पण ताईने लग्नाच्या पत्रात मुलीकडे माझी उंची साडेपाच फूट कळवली आहे. आहे मी पाच-दोन. त्यांच्या घरी गेलो तेव्हा खुर्चीतून उठलोच नाही. आता मुलीचे वडील पडले बांधकामाचे कंत्राटदार, आणि दुरुस्तीच्या अंदाजासाठी तुझे फोटो त्यांच्याकडेच जाणार. दादा, मुलगी मला मनापासून आवडली आहे. खालचं डोकं खरवडून टाक.

लोभ नेहमीचाच, जरा जास्त लागेल.
धाकटा

ता. ११ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

सुरी घेऊन खरवडायला बसलो, तोच कंत्राटदार दारात, बरोबर मुलगी. त्यांना काच बघायची होती. दरवाजा आधीच मोजून आले होते. पट्टी लावून म्हणाले, वरचं डोकं पाच-पाच, खालचं पाच-दोन, पत्रातला साडेपाच फुटी जावई यात कुठेच दिसत नाही. मी सुरी पाठीमागे लपवली.

मुलीने काच उजेडात धरून बराच वेळ पाहिली. मग मुलगीच हळूहळू वाढायला लागली. इतका वेळ गुडघे वाकवून उभी होती रे. वडिलांना म्हणाली, आलेल्या प्रत्येक स्थळापुढे तुम्ही मला असंच बुटकं करून उभं केलंत, माझेही पाय दुखतात, मला हाच मुलगा हवा. त्यांनी पट्टी खिशात घातली. वहिनीने तर डोळेच पुसले.

साहेबांना नवा फोटो हवा आहे. रविवारी ये, पण मापाला तू नकोस. कमानीखाली ती उभी राहणार आहे. साडेपाच फूट, अगदी खरे.

तुझा,
दादा