बावीस जणींची खोली

१२ मार्च, सकाळी

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळे ठणठणीत. तुझा पाय कसा आहे? जिना उतरताना घाई करू नकोस, हे तुला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, तरी सांगते. मी फोन उचलत नाही म्हणून तू माझ्या लेकीजवळ माझ्यावर तोंडसुख घेतलंस, तेही कळलं. त्याबद्दल पुढे लिहिते. आधी आनंदाची बातमी.

ताई, आपण जिंकलो! काल हॉस्पिटलमध्ये आपली खोली उघडली. दारावर बावीस नावं आहेत. तिथल्याच धुलाईखात्यातल्या त्या बावीस बायका, ज्यांना टॉनिक म्हणून इंजेक्शनं टोचली आणि हा प्रयोग आहे असं चुकूनही सांगितलं नाही. त्यातल्या नऊ बहिऱ्या झाल्या. जुन्या वहीत त्यांचे नुसते नंबर होते, आता नावं आहेत. आपल्या आजीचं चौथं. मी त्यावरून बोट फिरवलं आणि भर गर्दीत भोकाड पसरलं. घड्याळजींनी रुमाल दिला. घड्याळं दुरुस्त करणारे आमच्या मंडळाचे अध्यक्ष ते, त्यांची आई सातवी.

पण नावांपेक्षा गंमत नियमाची. त्यासाठी आम्ही मुला-नातवंडांनी सहा वर्षं हॉस्पिटलचे उंबरठे झिजवले. आता कुणावरही नवं औषध वापरून बघायचं तर सही याच खोलीत. डॉक्टरांनी समजावायचं, त्या माणसाने ते आपल्या शब्दांत परत सांगायचं, मग डॉक्टरांनी चक्क बाहेर जायचं. आत आमच्यातला एक जण बसणार. आणि माणूस ‘नाही’ म्हणाला तर ‘का’ विचारायचं नाही.

काल पहिला आला एक बेकरीवाला, गुडघ्याच्या औषधासाठी. त्याने सगळं असं घडाघडा परत सांगितलं की डॉक्टरीणबाई बघतच राहिल्या. त्या बाहेर गेल्यावर हा घड्याळजींना हळूच विचारतो, “नाही म्हटलं तर माझ्या नेहमीच्या गोळ्या बंद करतील का हो?”

“अजिबात नाही.”

“नक्की?”

“अहो, दारावर माझ्या आईचं नाव आहे. खोटं बोलेन का?”

“मग आपलं नाही.”

घड्याळजींनी दार उघडून तसं जाहीर केलं. बाईंनी ओठांवर आलेला ‘का’ मागे ढकलला आणि म्हणाल्या, “बरं. आभारी आहे.” अगं, बाहेर आम्ही असा टाळ्यांचा कडकडाट केला! बेकरीवाल्याला वाटलं, आपल्याला बक्षीसच लागलं. शेवटी बाईही हसत सुटल्या. आतलं बोलणं घड्याळजींनी मला नंतर सांगितलं. दोनदा सांगावं लागलं.

ते दोनदा का, हे लिहायचं म्हणून इतका वेळ घुटमळतेय. ताई, वर्षभर माझा उजवा कान बंद आहे. डावाही कुरकुरतो. फोनवर काही कळत नाही. शिलाईच्या कारखान्यात तीस वर्षं काढली, त्याचं हे. तुला सांगितलं नाही, कारण लहानपणी आजीचे कान तूच होतीस. दारात कुणी आलं की तिला ओरडून सांगायचीस आणि गल्लीतली पोरं तुला ‘भोंगा’ म्हणायची. पुन्हा तुला माझ्यासाठी ओरडायला लावायचं, हे मला सोसेना.

काल त्या खोलीत दुसरी मी गेले. कानाच्या नव्या औषधाची चाचणी आहे. परत सांगताना दोनदा चुकले, तिसऱ्यांदा जमलं. बाई बाहेर गेल्या. मी ‘हो’ म्हटलं आणि सही केली. त्यावर मात्र कुणी टाळी वाजवली नाही मेली!

तू त्या इमारतीत पाऊल न ठेवण्याची शपथ घेतली आहेस. मी तिथे सही केली म्हणजे तुझ्या लेखी आजीशी बेइमानी. पण ताई, विचारलं असतं तर आजीही कदाचित हो म्हणाली असती. तिला विचारलंच नाही, हा गुन्हा. मला विचारलं. इतक्या आदराने मला आयुष्यात कुणी काही विचारलं नव्हतं, लग्नाच्या वेळीसुद्धा नाही.

गुरुवारी पहिला डोस आहे. घरचं एक माणूस सोबत चालतं. हे यायला एका पायावर तयार आहेत, पण मला तू हवीस. भांडायचं असेल तर तिथेच भांड. फक्त माझ्या डाव्या बाजूला बस, म्हणजे तुझा एक शब्दही वाया जाणार नाही.

तुझा आवाज अजून ओळखणारी,
धाकटी