तीनशे बारा रेघा

वस्ती, ता. मुळशी
१२ जानेवारी २०२५

चि. गौतमीस,
मंगल कामना, वि. वि.

जावईबापू पियूषरावांनी पिरंगुटला आपल्या वस्तीवरच्या वाल्मीकच्या हाती दिलेलं तुझं पत्र मिळालं. जड उचलू नकोस.

बाळंतपणासाठी मी हिंजवडीला येऊन राहावं, असं तू लिहिलंस. तुझी आई असती तर तीच आली असती. मला मात्र जमेलसं दिसत नाही. तुझ्या दादाचा, निरंजनचा संगणक त्या दिवसापासून चालूच आहे. विहाराचा नकाशा उघडा ठेवून तो वाळूवाल्याला भेटायला पौडला निघाला होता. बाबा, बंद करू नका, येतोच, असं म्हणून गेला. वाटेत ट्रकने उडवलं. पावणेचार महिने झाले.

इथे लाइट रोज जाते. इन्व्हर्टर दोन तास टिकतो, पुढे वाल्मीकच्या ट्रॅक्टरची बॅटरी जोडावी लागते. त्यामुळे दोन तासांहून लांब मला जाता येत नाही. शेजारची गोजराबाई म्हणते, की लेकीपरीस डबडं मोठं झालंय व्हय तुमाला.

तब्येत सांभाळ. माया आहेच.
तुझा,
बाबा


हिंजवडी
१८ जानेवारी २०२५

आदरणीय बाबांस,
सविनय जयभीम, वि. वि.

वस्तीवर रेंज नाही ते एका परीने बरंच आहे. फोनवर तुम्ही नुसतं हं हं केलं असतंत, पत्रात निदान चार वाक्यं तरी बोलता.

आमची कंपनी नकाशांचंच सॉफ्टवेअर बनवते, पण ते इंटरनेटवर, ब्राउझरमध्ये चालतं. दादाला मी किती वेळा म्हटलं, की हे घे. नकाशा आमच्या सर्व्हरवर राहील, कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडेल, सेव्ह करायचीही कटकट नाही. त्याने मला उडवून लावलं. म्हणायचा, की तुझी रेंज येईस्तोवर आमचं विहार बांधून होईल. माझा प्रोग्रॅम माझ्या पेटीत हाय, उघडायला कुनाच्या बापाची परवानगी लागत न्हाई. आता ती पेटीच तुम्हाला धरून बसली आहे.

उपाय सोपा आहे. नकाशा नव्या नावाने सेव्ह करा, म्हणजे जुनाही राहील आणि नवाही. पेन ड्राइव्हवर घेऊन वाल्मीककाकांकडे द्या. मग संगणक बंद करा आणि इकडे या.

माझं बीपी वाढलं आहे. पंधरा फेब्रुवारीपासून घरात एकटीने राहायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. पियूष दिवसभर ऑफिसात असतो.

वाट बघते. रोजच्यासारखीच आठवण काढत राहा.
तुमची,
गौतमी


वस्ती
२७ जानेवारी २०२५

चि. गौतमीस,
मंगल कामना, वि. वि.

सांगितलंस तसं केलं. वाल्मीकने पिरंगुटहून नकाशाची मोठी प्रत काढून आणली आणि विहार समितीला दिली. सगळ्यांनी हात लावून पाहिली.

तरी संगणक बंद केला नाही. कारण तुला आधीच सांगायला हवं होतं.

कंट्रोल आणि झेड दाबलं, की निरंजनने काढलेली शेवटची रेघ जाते. पुन्हा दाबलं, की तिच्या आधीची. असं तीनशे बारा वेळा दाबलं की कोरा कागद उरतो. मग दुसरी कळ दाबत पुढे यायचं. रेघा त्याने काढल्या त्याच क्रमाने येतात. खिडकी त्याने तीनदा हलवली आहे. बोधिवृक्षासाठी जागा आधी डावीकडे धरली होती, मग उजवीकडे नेली. सगळ्यात शेवटी पायऱ्यांना कठडा काढला. चार पायऱ्या माझ्या गुडघ्याला जड जातील, असं मी त्या सकाळी सहज म्हटलं होतं.

मी हे रोज जेवणानंतर करतो. मागे गेलेलं असताना चुकून एक जरी नवी रेघ पडली, तर पुढच्या सगळ्या पुसल्या जातात, म्हणून माउस कपड्यात गुंडाळून ठेवला आहे. प्रोग्रॅम बंद केला की नकाशा राहतो, पण हे मागे-पुढे जाणं कायमचं संपतं. मी दोनदा खुर्चीत बसलो बंद करायला. दोन्ही वेळा तसाच उठलो.

रागावू नकोस. आहे तसा चालवून घे.
बाबा


हिंजवडी
३ फेब्रुवारी २०२५

आदरणीय बाबांस,
सविनय जयभीम, वि. वि.

पत्र पियूषसमोर वाचलं आणि मग आत जाऊन पुन्हा वाचलं.

आमच्या सॉफ्टवेअरवर असता तर दादाच्या प्रत्येक रेघेची नोंद तारीख-वेळेसकट कायम राहिली असती. हे जिंकायला लिहीत नाही. तसं असतं तर ऑफिसात बसून मीही तेच करत बसले असते. तुमचे दिवे तरी जातात, आमचे कधी जात नाहीत.

दादा बंद करू नका म्हणाला, कारण तो लगेच येणार होता. तो येणार नाही, बाबा. येणारं दुसरंच आहे. त्याच्यासाठी दवाखान्याच्या दारात माझ्या माहेरचं एक तरी माणूस उभं असावं, एवढंच मागते.

रागावलात तरी रागावूनच या.
गौतमी


वस्ती
११ फेब्रुवारी २०२५

चि. गौतमीस,
मंगल कामना, वि. वि.

काल जेवण झाल्यावर शेवटचं मागे गेलो, पार कोऱ्या कागदापर्यंत. मग सावकाश पुढे आलो. तीनशे अकरा रेघा आल्या आणि तिथे थांबलो. माउसवरचं कापड काढलं आणि कठडा मी माझ्या हाताने काढला. तीस वर्षं लेथवर दुसऱ्यांच्या नकाशांबरहुकूम काम केलं, स्वतः रेघ कधी ओढली नव्हती. थोडी वाकडी आली. कारखान्यात असता तर जॉब रिजेक्ट झाला असता. निरंजनची सरळ रेघ समितीच्या कागदावर आहे, तेव्हा विहाराला धोका नाही.

बंद करताना सेव्ह करायचं का, असं प्रोग्रॅमने विचारलं. मी होय दाबलं. मग पेटीतल्या पंख्याची घरघर थांबली आणि खाली ओढ्यावरचा पंप चालू आहे, हे मला इतक्या दिवसांनी ऐकू आलं.

इन्व्हर्टर गोजराबाईकडे दिला आहे. म्हणाली, की आता कसं मानसात आलासा. चौदा तारखेला सकाळच्या एसटीने निघतो. तिने तुझ्यासाठी डिंकाचे लाडू बांधले आहेत.

तुझं घर तिसऱ्या मजल्यावर आहे ना? लिफ्टमध्ये माझा जीव गुदमरतो. जिन्याला कठडा असेल तर मी धरून चढेन. दार तेवढं उघडं ठेव.

येतोच.
बाबा