शहाण्याने चढू नये ती पायरी

१२ जून

चि. ठमीस,

आशीर्वाद. माझं बरं आहे. गुडघे कुरकुरतात, पण मीही कुरकुरते, त्यामुळे आमचं जमतं. नळ गळतोय. शेजारीण अजून माझ्या दारात कचरा लोटते, मी परत लोटते.

वकिली शिकू का, असं चौथी पास बाईला विचारतेस म्हणजे बाकी सगळ्यांनी नाही म्हटलेलं दिसतं. तुला चांगली नोकरी आहे म्हणतात. कसली चांगली? दिवसभर फोनवर लोकांच्या शिव्या खायच्या आणि वर "धन्यवाद" म्हणायचं! वकिलीत निदान उलट बोलायचे पैसे मिळतील. ते काम तू घरात आजवर फुकट केलंस.

तुझा बाप म्हणाला ना, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये? खरं आहे. मागच्या सोमवारी तो माझ्या पुढेच चढत होता.

तुला सांगणार नव्हते. त्याला हे घर विकायचंय आणि मी सही देत नाही. म्हणून त्याने अर्ज केलाय, आईचं डोकं ठिकाणावर नाही, तिचे व्यवहार माझ्याकडे द्या.

तिथे ताटकळावं लागतं म्हणून मी डबा नेला होता. उपाशी राहिला की त्याचं पित्त खवळतं, म्हणून त्याच्यापुरतंही घेतलं. बाहेरच्या बाकावर दोघं एकाच डब्यात जेवलो. "मीठ कमी आहे," म्हणाला. मग आत गेल्यावर त्याचा वकील म्हणतो, "आजींना आता कशाचं भान राहत नाही." माझा वकील कागद चाळतोय. शेवटी मीच उठले. म्हटलं, "साहेब, याला विचारा, आत्ता कुणाच्या हातचं जेवून आलास?"

साहेब म्हणाले, "आजी, बसा. वकिलामार्फत बोला."

डोकं माझं, आणि बोलायचं दुसऱ्याने!

तर शीक. माझ्यासाठी मात्र नको. माझ्या बाजूने उभी राहिलीस तर समोर बाप असेल, आणि एका घरात एवढं पुरे झालं. उठल्यावर तुला कुणी "बसा" म्हणू नये, एवढ्यासाठी शीक. तो बोलणं टाकेल. टाकू दे. भूक लागली की येतो.

पुढच्या तारखेलाही त्याच्या वाट्याचा डबा नेणार आहे. मीठ तेवढंच घालीन. सही देणार नाही.

डोकं आणि घर दोन्ही जागेवर असलेली,
तुझी आजी