सोनबर्डीचं सोनं

मुक्काम सोनबर्डी, ता. संग्रामपूर
घटस्थापना

प्रिय प्रेरणा,

फोन सोडून मी कागद घेऊन बसलोय, याचं तुला नवल वाटेल. कारणं दोन आहेत. एक तर या टेकडीवर रेंज येते ती फक्त एका बाभळीखाली, आणि तिथे सध्या मुंगळ्यांचा मुक्काम आहे. दुसरं म्हणजे फोनवर तू हसायला लागलीस की माझा मुद्दा पळून जातो. आज तो पळू द्यायचा नाही. दिवाळीनंतर तुला पाहायला जळगावची मंडळी येणार आहेत, हे तुझ्या मैत्रिणीकडून, अंजुमकडून कळलं. तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही, खोटं कशाला बोलू?

गेल्या संक्रांतीचं तुला आठवत असेलच. माझ्या शेषरावकाकांना पुढे घालून मी शेगावला तुमच्या सोन्याच्या पेढीवर आलो होतो. तुझ्या बाबांनी चष्मा कपाळावर चढवला, माझं भूगर्भशास्त्राचं शिक्षण, नोकरी सगळं नीट ऐकून घेतलं आणि मग माझ्याकडे न पाहता काकांना म्हणाले, "पोरगं चांगलं हाय हो शेषराव, पण दगडं फोडते. आम्ही सोन्यातली माणसं. त्याले म्हणा, सोनं घेऊन ये, मंग बोलू. तवरोक हा विषय बंद." कान सोनारानेच टोचावेत म्हणतात; माझे त्या दिवशी दोन्ही टोचले गेले. तू मात्र चहाचा ट्रे ठेवलास आणि हसत आत गेलीस. ते हसू कशाचं होतं, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

आणि नशिबाचा खेळ बघ, पुढच्याच महिन्यात कंपनीने मला इथे पाठवलं, तेही सोनं शोधायला! या टेकडीचा इतिहास मोठा मजेदार आहे. शंभरेक वर्षांपूर्वी इथे एका इंग्रज अधिकाऱ्याने तळ ठोकला होता. त्याने लिहून ठेवलंय की पावसाळा सरला की गावचे लोक दरवर्षी टेकडीवर चढतात, सोनं लुटतात आणि पदरात-धोतरात बांधून घरी नेतात. जागा विचारली तर हसतात आणि आता पुढल्या साली या म्हणतात. पुढल्या साली बिचाऱ्याची बदली झाली. मग माझ्या जन्माच्या बऱ्याच आधी दुसरी एक टोळी आली. त्यांनी मोठा खड्डा खणला, त्यात पिवळंधमक काही चकाकलं, आणि ती निघाली सोनमाखी, म्हणजे नुसतं लोखंड नि गंधक. दिसायला सोन्याची सख्खी बहीण, पण तुझ्या बाबांनी कसोटीला न लावताच परत केली असती. तरी नोंद काही पुसली गेली नाही. पहिल्याने लिहिलं म्हणून दुसऱ्याने लिहिलं, दोघांनी लिहिलं म्हणून आमच्या कंपनीने मशीन पाठवलं.

खडकांचा विषय निघाला की तू जांभया देतेस, पण आज एवढं ऐक. आपला बहुतेक जिल्हा काळ्या पाषाणाचा. पुरणाचे मांडे एकावर एक रचावेत तसे लाव्हाचे थर. या पाषाणात सोनं शोधणं म्हणजे शेवग्याच्या झाडावर आंबे शोधणं. पण इथे सातपुड्याच्या पायथ्याशी जमीन फार पूर्वी तुटली आहे, वरखाली सरकली आहे. त्या भेगेतून खालच्या जुन्या खडकातलं गरम पाणी वर आलं असेल, येताना थोडं सोनं घेऊन आलं असेल, आणि ते गारगोटीच्या शिरेत ठेवून गेलं असेल. आमचं निम्मं शास्त्र या 'असेल'वर चालतं. माझा संसारही सध्या त्याच्यावरच उभा आहे.

मलकापूरचे शकीलभाई मशीन चालवायला होते. सारा उन्हाळा आम्ही टेकडीला भोकं पाडत होतो. एके दुपारी खरंच गारगोटीची पांढरीशुभ्र शीर वर आली आणि मी मनातल्या मनात वरातीची घोडीसुद्धा ठरवून टाकली. निकाल आला तेव्हा घोडी परत पाठवावी लागली. सोनं आहे, पण विहीरभर पाण्यात चिमूटभर मीठ टाकावं तेवढं. डोंगर पोखरून उंदीर निघाला, तोही मेलेला. आणि गावात मात्र कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं. "हाव, निघते ना सोनं! बापजाद्यापासून निघते. पण आता कुठचं साहेब, आता हंगाम नाही." मला वाटायचं, लेकाचे लपवताहेत.

पाऊस सरल्यावर भोकं बुजवायला आम्ही परत आलो. आम्हाला भाकरी करून देणाऱ्या वच्छलाबाई परवा टोपली खाली ठेवून, कमरेवर हात घेऊन उभ्या राहिल्या. "साहेब, औंदा सोनं लुटाले बर्डीवर येऊ द्यान का, का तार लावूनच ठेवान?" शकीलभाईंच्या हातातला पाना धाडकन खाली पडला. कोणतं सोनं, मावशी, असं मी कसंबसं विचारलं. डोक्यावर परिणाम झालेल्या माणसाकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहत त्यांनी शेजारच्या झाडाची फांदी वाकवली आणि पानं माझ्या नाकासमोर धरली. आपटा! अख्खी टेकडी आपट्याची आहे, प्रेरणा. उन्हाळ्यात ही झाडं नुसत्या काटक्या होती. मी त्यांना दोऱ्या बांधून टॉवेल वाळवत होतो. आमच्या साखरखेर्ड्याला दसऱ्याचं सोनं बाजारात जुडीने मिळतं. ते कुठल्या टेकडीवरून येतं, असा प्रश्न वऱ्हाडात जन्मून मला कधी पडला नव्हता. त्या इंग्रज साहेबाला निदान भाषा येत नव्हती, मला ती सबबही नाही. शकीलभाई पोट धरून हसत खाली बसले. "साहेब, सारा उन्हाळा आपण खाली पाहून राह्यलो. वर पाहाचं राह्यलंच!" आम्ही कुंपणाची तार काढली. वच्छलाबाईंना म्हटलं, हवं तेवढं लुटा.

शकीलभाईंच्या त्या वाक्याने मला झोपू दिलं नाही. काय काय राहून गेलं ते आठवत बसलो, आणि दचकलो. काकांना गाठलं, तुझ्या बाबांना भेटलो, खडकांना विचारलं, फक्त तुला विचारायचं राहिलं. म्हणून हे पत्र. दसऱ्याला मी सोनबर्डीचं सोनं घेऊन तुमच्या दारी येणार आहे. तुझ्या बाबांनी सोनं आणायला सांगितलं होतं, कोणतं ते सांगितलं नव्हतं. आणि दसऱ्याचं सोनं कुणी परत केल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. पण त्याआधी पहिलं पान तुला, या कागदाच्या घडीत ठेवलंय. माझ्याशी लग्न करशील का? तुझं मन नसेल तर पान परत पाठव, मी जळगावकरांना शिव्या न देता गप्प बसेन. मन असेल तर ठेवून घे. कंपनीला द्यायचा अहवाल पूर्ण झालाय, शेवटची ओळ तेवढी कोरी ठेवली आहे. सोनबर्डीला सोनं सापडलं की नाही, ते तू कळवल्यावर लिहीन.

तुझाच (तू म्हणालीस तर),
गोकुळ