जर्मनच्या डब्यातलं चॉकलेट

अण्णा,

आज दुपारी दादरच्या या घरात असा उकाडा होता की पंखा नुसती गरम हवा ढवळत होता. नातीने दूध, चॉकलेट आणि बर्फाचे खडे मिक्सरमध्ये घातले, घर्रकन फिरवले आणि ग्लास माझ्या हातात दिला. पहिला घोट घशाखाली उतरला आणि मी गिरगावच्या आपल्या खोलीत पोचले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तुमच्याशी मनातल्या मनात बोलायची सवयही मोडली होती. तरी ग्लास विसळून ठेवला आणि कागद घेतला.

आई संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात गेली, तो उन्हाळा. निघताना ती तुम्हाला म्हणाली, "आज मी जातेय. बहुधा पकडतील. आमटी करून ठेवलीय." तुम्ही वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणालात, "जा." बस, तेवढंच. तुम्ही रागावला होतात की नाही ते मला कळलं नाही. तिलाही कळलं नसावं, कारण ती उंबऱ्यात जरा घुटमळली आणि मग जिना उतरली. संध्याकाळी शेजारच्या मावशी सांगत आल्या की बायकांना गाडीत घालून नेलं. तुम्ही कोट खुंटीला अडकवलात, शर्टाच्या बाह्या वर केल्यात आणि स्वयंपाकघरात शिरलात. तोवर तिथे तुम्ही फक्त पाणी प्यायला जात होतात. दुसऱ्या दिवसापासून आपण दोघं रोज पिठलं-भात खाऊ लागलो. पिठल्यात गुठळ्या असायच्या, आणि तुम्ही त्या गंभीरपणे माझ्या ताटातून वेचून आपल्या ताटात घ्यायचात.

त्यातच माझा घसा सुजला. टॉन्सिल्सचं दुखणं जुनंच, पण या वेळी झोपेत श्वास अडकायला लागला. परळच्या हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले, "काढून टाकू. थांबण्यात अर्थ नाही." तुम्ही म्हणालात, "तिची आई आल्यावर करू या का?" त्यांनी विचारलं, "आई कधी येणार?" तुम्ही टोपी काढून हातात घेतलीत, परत डोक्यावर ठेवलीत, आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "करा." मी बाकावर बसून तुमच्या बोटांकडे बघत होते. हिशेबाच्या कामात कधी न अडखळणारी ती बोटं कोटाचं एकच बटण सारखं लावत आणि सोडत होती.

ऑपरेशन नीट झालं, पण घरी आल्यावर मी तोंडच उघडेना. पाण्याचा थेंबही आत निखाऱ्यासारखा लागायचा. बोलणं तर दूरच. हॉस्पिटलातून आणणाऱ्या घोड्याच्या व्हिक्टोरियातून उतरल्यापासून मी एक शब्द काढला नव्हता. डॉक्टरांनी बजावलं होतं की पोटात काही गेलं नाही तर परत आणा, मग सुई लावून ठेवावं लागेल. गार द्या म्हणाले, पण बाहेरचं आइस्क्रीम नको, घरी करा. तुम्ही ऑफिसात रजा सांगितलीत आणि भर उन्हात बाहेर पडलात. परत आलात तेव्हा हातात गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी, कोकोचा डबा आणि खडे मीठ. कोपरापासून पाणी गळतंय, बर्फावरचा भुसा शर्टाला चिकटलाय, आणि मावशी गॅलरीतून विचारतायत, "अहो भावजी, घरात मासळीचं दुकान काढताय की काय?"

तुम्ही हसत नाही. दूध आटवून त्यात कोको आणि साखर घालता, ते गार करून आपल्या फिरकीच्या झाकणाच्या जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, डब्यात ओतता. डबा बादलीत ठेवून भोवती फोडलेला बर्फ आणि मीठ भरता, आणि गॅलरीत पाटावर बसून डबा उजवीकडे-डावीकडे फिरवायला लागता. मी खाटेवरून बघतेय. ऊन सरकत तुमच्या पाठीवर येतं, तुम्ही सरकत नाही. मधूनच झाकण उघडून कडेला धरलेला थर उलथन्याने खरवडता, पुन्हा झाकण लावता. शेवटी चमचाभर घेऊन माझ्याजवळ येता. ना धड पातळ, ना धड घट्ट, तपकिरी चिखलासारखं काहीतरी. मी मान फिरवते. तेव्हा तुम्ही मला रागावलात, जन्मात पहिल्यांदा. आवाज मात्र चढला नव्हता. "तोंड उघड. मी तुला परत त्या हॉस्पिटलात नेणार नाही. मला ते जमणार नाही."

मी तोंड उघडलं. आणि घशात जी आग लागली ती लागली. झाकणाच्या फटीतून मिठाचं पाणी आत गेलं होतं. मी ओरडले, "खारट आहे!"

तुम्ही चमचा हातात धरून तसेच उभे राहिलात. मग म्हणालात, "काय म्हणालीस?" मी घोगऱ्या आवाजात पुन्हा म्हटलं, "खारट." तुम्ही स्वतः चाखून बघितलंत, तोंड वाकडं केलंत, आणि खाटेच्या कडेवर बसून इतके हसलात की मावशी धावत आल्या. हसता हसता तुम्ही चष्मा काढून डोळे पुसलेत. मावशींनी डबा पाहिला, घरी जाऊन पोळ्यांची भिजवलेली कणीक आणली आणि म्हणाल्या, "झाकणाला ही लिंपा, आणि बर्फ डब्याच्या गळ्यापर्यंत भरू नका."

दुसरं दूध धरत आलं होतं तेव्हा आई आली. सोडणार असल्याचं कुणालाच माहीत नव्हतं. गॅलरीच्या टोकाला ती उभी, साडी चुरगळलेली, चेहरा उतरलेला, आणि समोर तुम्ही पाटावर, मनगटापर्यंत मीठ, कपाळाला कणीक. तुम्ही उठायला गेलात ते बादलीला अडखळलात.

"हे काय चाललंय?" ती म्हणाली.

"तिचे टॉन्सिल्स काढले," तुम्ही म्हणालात. "तुला न विचारता. थांबण्यासारखं नव्हतं."

आई चपला न काढताच आत आली. माझ्या कपाळावर हात ठेवला, तोंड उघडायला लावून उजेडाकडे धरलं. मग बाहेर तुमच्याकडे वळून म्हणाली, "बरं केलंत. मला वाटलं होतं, तुम्ही माझ्याशी बोलणारसुद्धा नाही."

"का?"

"नुसतं 'जा' म्हणालात."

तुम्ही पुन्हा डबा फिरवायला बसलात. "अडवलं असतं तर तू थांबली असतीस. म्हणून वर बघितलं नाही," असं म्हणालात, आणि झाकणाची कणीक सोडवून तिला पहिला पेला भरून दिलात. ती उंबऱ्यात बसून प्यायली, डोळे मिटून, आणि पेला पुढे करून म्हणाली, "अजून आहे?" मग माझा पेला. या वेळी गोड होतं, किंचित कडसर, बर्फाच्या बारीक कण्यांसकट. जिथून जात होतं तिथली आग विझत गेली. त्या रात्री मी पेज प्यायले, आणि तुम्ही बादली धुवायलाही न थांबता गॅलरीत चटईवर घोरायला लागलात. आई तुम्हाला उठवायला गेली आणि नुसतीच बघून परत आली.

हा कागद आता घडी करून कपाटात ठेवीन. तुम्हाला पाठवायची सोय नाही, आणि दुसऱ्या कुणाला दाखवायचा नाही. एक गोष्ट मात्र लिहून टाकते. ती तुरुंगात असताना मला आईची फारशी आठवण येत नव्हती. घर सगळं तुमचं-माझं होतं आणि मला ते आवडलं होतं. तुम्हाला तेव्हा सांगितलं असतं, तर तुम्ही खूश होऊन लगेच तिला जाऊन सांगितलं असतंत.