राणीसाहेबांचं काळं लेणं

२ जानेवारी १८६४, शनिवार

विलायतेच्या राणीसाहेब गेली दोन वर्षं काळ्या दागिन्याशिवाय अंगावर काहीही घालत नाहीत. खुद्द हॅरिस साहेबांनी सांगितलं. भाषांतर त्यांच्या बंगल्यावरच्या माणिकबाई आयाने केलं. तेव्हा बातमी पक्की.

साहेब रोज डायरी लिहितात म्हणून आजपासून मीही. ते विलायती कंपनीचे कापसाचे एजंट, मी त्यांचा अमरावतीतला दलाल. माणसाने वरच्याकडे पाहून वाढावं.

दागिन्याचं नाव जेट. दगड नव्हे. हजारो वर्षं जमिनीत दबून दगडासारखं झालेलं लाकूड. काळंभोर, घासलं की आरसा. साहेबांच्या मॅडमकडे पेटीभर आहे: हार, बांगड्या, कानातली, पदराला टोचायची फुलं. त्यांना आता नको आहे. म्हणाल्या, माझा टाइम पुरा झाला. कसला टाइम ते विचारलं नाही. मोठ्या लोकांना फार विचारू नये.

विचार करण्यासारखं आहे.

३ जानेवारी, रविवार

विचार केला.

अमेरिकेत लढाई चालू आहे, देव तिला उदंड आयुष्य देवो. तिकडचा कापूस बंद, म्हणून आमच्या कापसाला सोन्याचा भाव. आमच्या गल्लीतल्या जानराव शेतकऱ्याने बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. जो माणूस बैलाला चांदी घालतो, तो बायकोला राणीचा दागिना घालणार नाही?

शिवाय काळा मणी म्हणजे आपल्याकडे सौभाग्य. तिकडच्या राणीलाही तेच कळलेलं दिसतं. आणि संक्रांत तोंडावर. संक्रांतीला बायका काळं लुगडं नेसतात, त्यावर काळा दागिना! इतकी सोपी गोष्ट आजवर कोणाला कशी सुचली नाही?

संकल्प: वर्षाच्या आत मेन रोडवर बोर्ड. 'खुशालराव आणि कंपनी, राणीसाहेबांचे दागिने'.

४ जानेवारी, सोमवार

पेटी आली. मॅडमना बदल्यात आपल्याकडचा सोन्याचा हार हवा होता. मैनाबाईची एकदाणी दिली. तिच्या बाळापूरच्या माहेरची, टपोऱ्या मण्यांची. तिच्या आईच्या गळ्यातून तिच्या गळ्यात आलेली. मैनाबाई वाड्यात भाजी निवडत होती, तेवढ्यात काढली. उसनीच घेतली म्हणायची. पहिल्या ऑर्डरी आल्या की अशाच दोन घडवून देणार. आपल्याच बायकोकडून उसनं घेताना विचारायचं नसतं, त्याने परकेपणा वाटतो.

५ जानेवारी, मंगळवार

मैनाबाईने एकदाणी विचारली. उजळायला दिली म्हणून सांगितलं, शालिकराम सोनाराकडे. ती म्हणाली, "मले न सांगता?" मी म्हणालो, अचानक आनंद द्यायचा होता. ती म्हणाली, "मंग द्या न अचानक."

तिला जेटचा हार दिला. हातात घेऊन तोलला. "हे तं पिसावानी हलकं हाय बाप्पा." तोच तर गुण! मान दुखत नाही. म्हणाली, "सोन्यानं माही मान कधीच नाही दुखली."

उद्या शालिकरामला सांगून ठेवायला हवं, एकदाणी तुझ्याकडे आहे म्हणून.

७ जानेवारी, गुरुवार

शालिकरामला सांगायचं राहिलं. बाजारात गर्दी.

साहेब म्हणाले होते, अस्सल जेट जळतं, नकली जळत नाही. मैनाबाईची खात्री पटावी म्हणून कानातल्याचा एक मणी तिच्यासमोर दिव्यावर धरला. जळला. अस्सल! दगडी कोळशासारखा वास. आता एका कानाचंच कानातलं उरलं आहे, पण मुद्दा सिद्ध झाला.

मैनाबाई म्हणाली, "जळते तं मंग जळनच होय न हे. चुलीपाशी ठेवू का?"

बिझनेसमध्ये घरच्यांचा विरोध असतोच.

१० जानेवारी, रविवार

घरोघर सॅम्पल वाटली. आत्ता काही द्यायचं नाही, रथसप्तमीपर्यंत घालून पाहा, मग ऑर्डर. वीसेक घरं झाली. जानरावाच्या मनकर्णाबाईने विचारलं, "राणी खरंच घालते का हे?" म्हटलं, दोन वर्षांत एकदाही काढलं नाही. ती म्हणाली, "माय व! किती जीव असन तिचा नवऱ्यावर!"

हेच बोर्डावर घालावं का?

१२ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

मोठं यश. गल्लीतल्या सगळ्या बायका काळ्या लुगड्यात, काळ्या हारात. अंधारात काही दिसल्या नाहीत, पण उजेडात फार शोभल्या.

एकदाणीशिवाय तिळगूळ देणार नाही म्हणून मैनाबाईने मला दिला नाही. तीळ तसेही उष्ण.

१५ जानेवारी, शुक्रवार

किरकोळ तक्रार. हा दागिना अंगावर घासला की कापसाचे तंतू ओढून घेतो. हंगाम चालू, हवेत सगळीकडे रुई. दुपारपर्यंत मनकर्णाबाईचा हार पांढरा झाला. तिने मला अंगणात उभं करून दाखवला. "खुशालभाऊ, येक तं काळा म्हणून देल्ला, हे काय होय? गळ्यात मेंढरू बांधल्यावानी दिसून राहिलं!"

समजावलं: दागिना हवा स्वच्छ करतो. तिने ऐकून घेतलं. पटलं असावं, कारण नंतर खूप वेळ हसत होती.

२१ जानेवारी, गुरुवार

शालिकरामला सांगायचं पुन्हा राहिलं. आता सांगणं बरं दिसणार नाही. इतक्या उशिरा सांगितलं तर त्याला उगाच संशय येईल.

२५ जानेवारी, सोमवार

मैनाबाई शालिकरामकडे जाऊन आली. मी घाबरलो नव्हतो, फक्त उठून उभा राहिलो. तिने हातपाय धुतले. जेवायला वाढलं. वांग्याची भाजी, तीही मला आवडते तशी.

म्हणजे शालिकरामने सांभाळून घेतलं. सज्जन माणूस.

३० जानेवारी, शनिवार

मैनाबाई आता एकदाणीचं नाव काढत नाही. विसरली. उलट बंगल्यावरच्या माणिकबाईशी तिचं फार जमलं आहे. दोघी विहिरीपाशी तासन्तास बोलतात. मी गेलो की गप्प. बायकांच्या गप्पा, आपल्याला काय कळणार.

४ फेब्रुवारी, गुरुवार

मैनाबाई पूर्ण बदलली! आपणहून म्हणाली, "सातमीले आपल्या घरी हळदीकुंकू करू. साऱ्या बाया तुमचे दागिने घालून येतीन. आन् मॅडमले बी बलावू."

मला तर नाचावंसं वाटलं. खुद्द मॅडम येऊन आमच्या बायकांना जेट घातलेलं पाहणार! साहेबांच्या कानी जाणार, साहेब विलायतेला कळवणार. पेट्याच पेट्या.

एक बारीक शंका आली. मॅडम एकदाणी घालून आल्या तर? पण इतकं साधं सोनं मॅडम कशाला घालतील. शंका रद्द.

८ फेब्रुवारी, सोमवार

मॅडमनी होकार दिला. माणिकबाईने निरोप आणला. मैनाबाईला विचारलं, इतका पुढाकार का? ती म्हणाली, "मॅडमले मले डोळे भरून पाह्याचं हाय."

किती मोठं मन.

बोर्ड रंगवायला टाकला.

१४ फेब्रुवारी, रविवार. रथसप्तमी

जे झालं ते क्रमाने लिहितो. शांतपणे.

हळदीकुंकवात पुरुषाचं काम नाही. म्हणून मी माजघराच्या दाराआड होतो. फटीतून दिसत होतं. बायका ओळीने बसलेल्या, सगळ्यांच्या अंगावर जेट, अंगणात रुई उडू नये म्हणून मी सकाळी पाणी शिंपडलेलं. समोर तिळगूळ, बोरं, उसाचे करवे. मॅडम आल्या.

एकदाणी घालून आल्या.

मी डोळे मिटले. उघडले. तीच होती.

पण मॅडमचं भलतंच काही चाललं होतं. दारातच थांबल्या. बायकांच्या गळ्यांकडे पाहत राहिल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. मग एकेकीजवळ गेल्या, एकेकीचे हात हातात घेतले, हळू आवाजात काही बोलल्या. मनकर्णाबाईला तर मिठी मारली. बायका खूश. मनकर्णाबाई म्हणाली, "किती मायाळू हाय व ही!" मी आत विचार केला, दागिना पाहून इतका आनंद! डोळ्यांत पाणी!

मॅडम मैनाबाईपाशी आल्या. मैनाबाईने त्यांना हळदकुंकू लावलं, ओटी भरली आणि एकदाणीकडे पाहत गोड आवाजात माणिकबाईला म्हणाली, "मॅडमले सांग, आमच्यात सातमीले पावणीनं गळ्यातलं काढून घरधनिणीले वाण द्या लागते. आन् घरधनीण आपलं तिले देते."

असा रिवाज अमरावतीत नाही. अकोल्यातही नाही. मी दाराआडून खोकलो. मैनाबाईने दाराकडे पाहिलं. मी खोकणं थांबवलं.

माणिकबाईने डोळ्याची पापणी न लववता सांगितलं. मॅडमनी लगेच एकदाणी काढली, मैनाबाईच्या गळ्यात घातली आणि तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं. मैनाबाईने जेटचा हार काढून त्यांना दिला. दोन क्षणांचंही काम नव्हतं. मला ती पेटी आणायला तीन फेऱ्या पडल्या होत्या.

इथवर तसं नुकसान काही नव्हतं.

मग मनकर्णाबाईने विचारलं, "माणिकबाई व, मॅडम मघापासून सारखी काय म्हणून राहिली?"

माणिकबाई जरा अडखळली. म्हणाली, "ते इचारून राहिली, तुमचे सगळ्यायचे मालक कशानं गेले."

"गेले? आमचे तं शेतात गेले."

"तसे नाही व. वारले कशानं, म्हणते. तिच्या देशात नवरा नाहीतं घरचं कोनी मेलं का बाई हे काळं घालते. राणीचा नवरा दोन सालाआधी मेला, तवापासून थे घालते. हिचे बी आजेसासरे वारले, म्हणून हिनं घातलं होतं."

नंतरचं नीट दिसलं नाही, कारण फटीवर एक जेटची बांगडी येऊन आदळली. मग हार. मग बोरं. मॅडम घाबरून माणिकबाईला घेऊन बग्गीत बसल्या. मनकर्णाबाईचा आवाज: "कुठी हाय थो दलाल? माह्या कपाळाचं कुकू पुसाले बसला होता!"

मी माजघरातच राहिलो. तिथे गारवा असतो.

१५ फेब्रुवारी, सोमवार

सकाळपासून गल्लीतले पुरुष येत आहेत. बायकांनी धाडलेले. एकेक जण दारात उभा राहतो आणि म्हणतो, "खुशालभाऊ, मी जित्ता हावो." मी म्हणतो, दिसतं आहे. मग तो जातो. जानराव दोनदा आला. दुसऱ्यांदा बैल घेऊन. म्हणाला, "हे बी जित्ते हायत, पाह्यून घ्या. आन् अवंदा माह्या कापसाले हात लावू नका."

मैनाबाईला म्हणालो, एकदाणी परत मिळाली हे माझ्या जेटमुळेच. हिशोब बरोबर झाला. ती म्हणाली, "हो बाप्पा. तुमी लय हुशार." आणि एकदाणीचा मणी मणी पदराने पुसत बसली. घरच्या दागिन्यांच्या पेटीच्या किल्ल्या आता तिच्या कमरेला आहेत.

बोर्ड रंगवून आला. रंग चांगला आहे.

१६ फेब्रुवारी, मंगळवार

माणिकबाईने सांगितलं. परवा बग्गीत मॅडम इतक्या रडत होत्या की खरं काय ते तिला सांगताच आलं नाही. मॅडमनी साहेबांना सांगितलं की एका गल्लीतले सगळे नवरे गेले, नक्की पटकीची साथ आहे. साहेबांनी अकोल्याच्या मोठ्या साहेबांना कळवलं. उद्या सकाळी तिथून डॉक्टर येणार. गल्लीतल्या सगळ्या नवऱ्यांनी चावडीपुढे उभं राहायचं. गोळा करायचं काम साहेबांनी माझ्याकडे दिलं आहे. विश्वासाचं काम आहे. अजून साहेबांचा माझ्यावर भरवसा आहे हे यावरून दिसतं.

निरोप पाठवले. जानरावाचं उत्तर आलं: "आमी सारे येतो. पन डॉक्टर इतक्या दुरून येऊन राहिला, त्याले येक तरी मेलेला दाखवा लागन. खुशालभाऊ, उद्या सकाळी आंघोळ करून तयार राह्यजा."

मैनाबाईने अंगणातलं सगळं जेट झाडून चुलीपाशी लावून ठेवलं आहे. एक बांगडी आत्ताच चुलीत घालून पाहिली. म्हणते, पाणी मस्त तापन.